धुऱ्यावर टाकलेली वेल

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात, महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, माझ्या काकूनं आपल्या दोन एकरांतलं सोयाबीन हिरवं असतानाच कापलं आणि जागेवर जाळलं. शेंगा भरत आल्या होत्या. काढणीला साधारण महिना होता.

ते रान आमच्या गावापासून, चुडाव्यापासून, पायी पाऊण तासावर आहे. आजोबांनंतर दोन भावांत वाटणी झाली तेव्हा वरचं रान वडलांकडं आलं, उताराचं काकांकडं गेलं आणि मधे धुरा पडला. मातीदगडांची हात-दीड हात उंचीची ती पट्टी. खुरपून काढलेलं तण धुऱ्यावर टाकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. माठ असो, कुंजरू असो, गाजरगवत असो, धुऱ्यावर पडलं की उन्हानं वाळतं आणि पावसात कुजतं. त्यावर कुणी कुणाशी भांडत नाही.

सोयाबीन जाळलं त्याच्या आधीच्या माघात काका वारले. त्यांना एकच मुलगी, सेलूला दिलेली. जावयाचं तिथं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. घरात काकू आणि एक म्हैस उरली.

आमच्याकडं शेताचं साल पाडव्याला बदलतं. सालगडी त्या दिवशी बदलतात, बटईचे, म्हणजे वाट्याच्या शेतीचे, बोल त्या दिवशी ठरतात. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर बैठक बसली. वडील होते, भावकीतले दोन म्हातारे होते. काकू आतल्या दाराच्या उंबऱ्याशी पदर पुढं ओढून बसली होती. थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, हा आमच्या घरातला नेम होता. वडलांना तिला काही सांगायचं असलं की ते आईला किंवा मला सांगत आणि 'तिला म्हणाव' असं सुरुवातीला लावत. ती चार हातांवर बसलेली असली तरी.

"तिला म्हणाव," वडील मला म्हणाले, "रान मला कसायला दे. निम्मं दारात आणून टाकीन. बसून खा."

"मी करीन," काकू आतून म्हणाली. कुणाला उद्देशून ते तिनं सांगितलं नाही.

भावकीतले एक म्हातारे हसले. "करशील गं. पण कोळपं कोण धरंल? जावई?"

"जावई घड्याळाचे काटे धरतो, मामा. कोळपं मीच धरीन."

दुसरे म्हातारेही हसले. वडील हसले नाहीत. रान एकदा जावयाच्या पायाखाली गेलं की परत येत नाही, हे ते गेला महिनाभर घरात बोलत होते. सातबाऱ्यावर आता काकूचं नाव लागणार होतं, त्याला इलाज नव्हता. पण रान कोण कसतं हे गावात सातबाऱ्यावरून ठरत नाही.

शेवटी एक साल ठरलं. काकूनं एक साल कसून दाखवायचं. जमलं तर रान तिच्या हाती राहील. पीक नासलं, रान तणात गेलं, तर पुढच्या पाडव्यापासून वडील कसतील आणि यावर परत बैठक बसणार नाही. काकूनं मान हलवली. म्हाताऱ्यांनी चहा घेतला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी रानात गेलो. मी परभणीत एका वर्तमानपत्रात काम करतो आणि सणाच्या सुट्टीला गावी असतो. विहिरीजवळ वडलांनी जनावरांसाठी लसूण घासाचा तुकडा केला होता. बियाणं कार्तिकात सेलूच्या बाजारातून सुटं आणलेलं. घासावर पिवळ्या रंगाची सुतं पसरली होती. केसाहून जराशी जाड, पान नाही, जमिनीत मूळ नाही. काही जागी सुतांवर पांढरट फुलांचे आणि बारीक गोल बोंडांचे झुबके होते. खालचा घास वाळला होता.

"अमरवेल हाय," वडील म्हणाले. "उपटून टाक."

मी आणि सालगड्यानं ती उपटली. अख्खी निघत नव्हती, तुटत होती. चार पाट्या भरल्या. मी दोन नेल्या, सालगड्यानं दोन. रीतीप्रमाणे धुऱ्यावर टाकल्या, पलीकडच्या अंगाला, कारण अलीकडं वडलांची पायवाट होती. ढीग आठवडाभरात वाळला असं वडील पुढं म्हणाले.

जूनच्या शेवटी पेरणी झाली. काकूनं सोयाबीन पेरलं. तिफण भाड्यानं आणली, बियाणं घरचंच होतं, काकांनी राखून ठेवलेलं. उगवण चांगली झाली. पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, म्हणजे कोळप्याला, तिनं शेजाऱ्याची बैलजोडी इर्जिकीनं घेतली, म्हणजे त्यांनी तिचं कोळपायचं आणि तिनं त्यांचं खुरपायचं. कोळपं तिनं स्वतः धरलं. ते बघायला दोन-तीन माणसं मुद्दाम त्या वाटेनं गेली, असं आईनं मला फोनवर सांगितलं.

अमरवेल पहिल्यांदा तिला त्याच कोळपणीत दिसली. धुऱ्याजवळ, उताराला जिथून पावसाचं पाणी तिच्या रानात उतरतं तिथं, दोन ठिकाणी. एक जागा पाटीएवढी, दुसरी त्याहून लहान. तिला ते गवताचं पिवळं मूळ वाटलं. कोळप्याच्या पासेत, म्हणजे पात्यात, सुतं अडकली, ओळीनं पुढं ओढली गेली, टोकाला पास झाडली तिथं पडली. पुढच्या पंधरवड्यात सात जागा झाल्या. सगळ्या कोळप्याच्या ओळीत होत्या.

ती रोज सकाळी हातानं तोडू लागली. तोडलेलं म्हशीला घाली. उरलेलं धुऱ्यावर टाकी.

तिच्या रानात धुऱ्याच्या टोकाला एक बोर होती. तिच्यावरही अमरवेल होती, बऱ्याच वर्षांपासूनची, दोरीसारखी जाड. गावातल्या बाया केसांच्या तेलात उकळायला ती तोडून नेत. सोयाबीनमध्ये पिवळं दिसू लागल्याची बातमी वडलांपर्यंत गेली तेव्हा मी घरी होतो.

"तिला म्हणाव, बोरीवरून उतरली ती. बोर तोड. न्हाईतर माझ्या रानात येईल."

मी जाऊन सांगितलं. काकू बोरीकडं बघून म्हणाली, "इतकी वर्षं नाही उतरली. याच वर्षी कामून उतरली?"

"वडील म्हणालेत."

"म्हणतीलच. त्यांच्या रानावर सावली पडती तिची."

पण तिनं बोर तोडली. दोन माणसं लावली, दोन दिवस गेले. काटेरी फांद्या ओढून नेताना सोयाबीनची चार तासं, म्हणजे ओळी, तुडवली गेली. सोयाबीनमधली वेल वाढतच राहिली. आमच्या घरी त्या आठवड्यात जेवताना वडील म्हणाले, "बाईमाणसाला रान म्हंजे अंगण वाटतं." आईनं भाकरी वाढली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मी दोन प्लास्टिकच्या पिशव्या परभणीला घेऊन गेलो. एकीत तोडलेल्या बोरीवरचा तुकडा, दुसरीत सोयाबीनवरचा. शेतीच्या पानासाठी मजकूर करायचा होता. वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक अधूनमधून आमच्या पानाला माहिती देत. त्यांनी दोन्ही तुकडे कागदावर शेजारी शेजारी ठेवले आणि भिंगातून पाहिले.

"या दोन वेगळ्या जाती आहेत," ते म्हणाले. "ही जाड, झाडांवरची. ही बारीक, पिकावरची. बारीक बहुतेक वेळा घासाच्या बियाण्यातून येते. तुमच्याकडं कुणी घास केलाय का?"

मी हो म्हणालो.

त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवलं. ती वही अजून आहे. बी उगवल्यावर काही दिवसांत कोंबाला आधार सापडला नाही तर तो मरतो. सापडला की जमिनीतलं मूळ सोडून देतो, झाडाच्या खोडात चूषकं घालतो आणि पुढं सगळं त्याच झाडाचं पितो. बोटभर तुकडा हिरव्या झाडावर पडला तरी नवी वेल धरते, म्हणून तोडून टाकणं म्हणजे लावणं. बी पाण्याबरोबर वाहतं. जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, म्हणून ती गोठ्यात न्यायची नाही, उकिरड्यावर टाकायची नाही. मातीत दहा वर्षं किंवा जास्त टिकतं. पेरणीनंतर, उगवणीआधी मारायचं औषध असतं, ती वेळ गेली होती. आता एकच उपाय होता. जिथं वेल आहे ती जागा आणि भोवतीचं हातभर पीक, चांगलं दिसत असलं तरी, वेलीसकट कापायचं आणि तिथंच जाळायचं. फुलं धरून बोंडं होण्याआधी. पुढची काही वर्षं ज्वारी किंवा मका घ्यायचा, गवताच्या कुळातल्या पिकावर ती सहसा जगत नाही.

"किती जागा आहेत?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"मग आठवड्याच्या आत नऊ जागा कापा. बाकीचं पीक वाचेल. कळ्या आल्यात, बघा."

पोळ्याच्या संध्याकाळी मी घरी पोचलो. बैलांची मिरवणूक नुकतीच परतली होती. वडील अंगणात बैलांच्या शिंगांचे बेगड काढत होते. मी वहीतलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. घासाच्या बियाण्याचंही.

त्यांचं बेगड काढून झालं. मग म्हणाले, "बोरीची न्हाई म्हणतो का मास्तर?"

"नाही."

"हे तिला सांगायची गरज न्हाई. आणि कापायचं-जाळायचं महालक्ष्म्या उठल्यावर सांग. आता सांगितलं तर ती रानात जाऊन बसंल. इथं पुरण कोण वाटंल? तुझ्या आईचा हात दुखायलाय."

महालक्ष्म्या आमच्या घरी बसतात, थोरल्या घरी. वाटणीत भांडी वाटली गेली, महालक्ष्म्या वाटल्या गेल्या नाहीत. काकूला त्याआधीचा आठवडा घर सारवायला, फराळ करायला आणि ते तीन दिवस सोवळ्यात स्वयंपाकाला आमच्याकडं यावं लागे. ती लग्न झाल्यापासून येत होती.

"दहा दिवस होतील," मी म्हणालो. "ते आठवड्याच्या आत म्हणालेत."

"महालक्ष्म्या घरात आणि शेतात आग लावायची? उभ्या लक्ष्मीला?"

आई दारात उभी होती. तिनं ऐकलं. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडलांनी आणि सालगड्यानं विहिरीजवळचा घास जमिनीबरोबर कापला, त्यावर पालापाचोळा पसरून पेटवला आणि दुपारी तिथं नांगर घातला. महालक्ष्म्या बसायला अजून अवकाश होता. त्यांच्या हिशेबानं त्यात बाध नव्हता.

मी परभणीला परतलो. रविवारच्या शेतीच्या पानावर अमरवेलीचा मजकूर छापून आला. चार कॉलम, फोटोसकट. फोटो काकूच्या सोयाबीनचा होता. आमच्या गावात तेव्हा आमचं वर्तमानपत्र दोन घरी येई. एक आमच्या.

महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी मी परत घरी आलो. काकू चुलीपुढं होती. रोज पहाटे ती आधी रानात जाई, वेल तोडी, म्हशीचं करी आणि आठच्या आत आमच्याकडं येई. हाताची बोटं तोडून तोडून पिवळसर झाली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या गडबडीत, पाट्यावर पुरण वाटता वाटता तिनं मला विचारलं,

"तुमच्या पेपरात अमरवेलीवर काही औषध येतं का रे?"

"विचारतो," मी म्हणालो.

"विचार बाबा. लय झाली आता. तोडलं की दुप्पट व्हायलीय."

"मास्तरला विचारून सांगंल तो," आई म्हणाली. "तू पुरण बघ, पाट्याला लागायलंय."

"बघायलेय, आक्का."

भावकीतली ती म्हातारी माणसं जेवायला आली होती. काकू वाढायला गेली तेव्हा त्यांतले एक म्हणाले, "काय, कोळपंवाल्या बाई, रान कसं हाय? पिवळं सोनं पिकलं म्हणतात." पंगत हसली. काकूनं त्यांना तूप वाढलं आणि म्हणाली, "जेवा, मामा. सोनं निघालं की तुम्हालाच पहिलं आणून देते." पुन्हा पंगत हसली. वडील खाली बघून जेवत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्या उठल्या. मुखवटे डब्यात गेले. काकू घरी जायला निघाली तेव्हा वडलांनी मला मानेनं खूण केली. मी तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत गेलो आणि दारात उभं राहून सांगितलं. कापायचं कसं, जाळायचं कसं, फुलं कधी धरतात, म्हशीला का घालायचं नाही. वही जवळ होती. घासाच्या बियाण्याचं सांगितलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तरनं कवा सांगितलं हे?"

"झाले थोडे दिवस."

म्हशीपुढं टाकलेला चारा, त्यात पिवळी सुतं होती, तो तिनं उचलून बाहेर नेऊन ठेवला.

सकाळी उजाडताच मी, आई आणि काकू तिच्या रानात गेलो. जागा मोजायच्या म्हणून मी धुऱ्यापासून सुरुवात केली. मोजता आल्या नाहीत. धुऱ्याच्या बाजूचं सगळं रान एक झालं होतं, सोयाबीनवर पिवळी जाळी पसरल्यासारखं. पलीकडच्या निम्म्यात ठिपके होते, दर पाच-दहा पावलांवर, तोडून नेताना जिथं जिथं वाटेत तुकडे सांडत गेले तिथं. सगळीकडं फुलं होती. धुऱ्याजवळच्या जुन्या जागेत हिरवी बोंडं धरली होती. मी प्राध्यापकांना फोन लावला आणि वर्णन केलं.

"आता निवडत बसू नका," ते म्हणाले. "सगळंच काढा."

मी फोन ठेवून तसं सांगितलं. आई म्हणाली, "पलीकडचं तरी राहू दे." काकू म्हणाली, "राहिलं तर बी पडंल ना, आक्का?" आणि विळा घेऊन ती पलीकडच्या, चांगल्या बाजूनंच कापायला लागली.

हिरवं सोयाबीन पेटत नाही. खाली वाळलेलं काहीतरी लागतं. आई म्हणाली आमच्या रानातल्या गोठ्यामागं तुराट्या आहेत, त्या घ्या. तुरीच्या त्या वाळक्या काड्यांचे भारे आणायला काकू आमच्या रानातून, विहिरीजवळून गेली. परत आली तेव्हा डोक्यावर भारा होता. तो तिनं टाकला आणि पुन्हा गेली. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला ती विहिरीजवळच्या नांगरलेल्या तुकड्यात थांबली. तिनं खाली वाकून ढेकळाखालून काहीतरी उचललं. जळका घास होता, मुळासकट, आणि त्याला गुंडाळलेलं जळकं सूत.

वडील तेव्हा धुऱ्यावर येऊन उभे होते. ती घास हातात घेऊन त्यांच्यासमोर आली. भारा तिनं तिथंच सोडला होता. पदर डोक्यावर नव्हता.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचा घास कवा जाळला?"

माझ्या आठवणीत ती त्यांच्याशी थेट बोलल्याची ही एकच वेळ आहे.

वडील माझ्याकडं वळले. "तिला म्हणाव, घास जुना झाल्ता."

"म्हणाव कशाला, ऐकू येतंय मला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाळला. बायांनी धूर बघितला. मी तुमच्या घरी करंज्या लाटायलते."

"तिला म्हणाव, माझ्या रानात मी कवाबी जाळीन."

"आणि माझी बोर?"

वडील मला म्हणाले, "आग धुऱ्याकडं येऊ देऊ नको म्हणाव. वारं इकडचं हाय." आणि गेले.

काकूनं घास खाली टाकला. मग तो परत उचलला आणि तुराट्यांच्या ढिगावर ठेवला, कारण त्यालाही सूत होतं.

कापणी संध्याकाळपर्यंत चालली. ढीग जागोजागी केले, एका जागेवरून दुसरीकडं काही ओढलं नाही, प्राध्यापकांनी तसं सांगितलं होतं. थोडं डिझेल लागलं. ओल्या शेंगा आगीत फुटत होत्या. काकू हातातल्या काठीनं ढिगाच्या कडेची सुतं आत ढकलत फिरत होती. आईनं दोनदा तिला पाणी दिलं. आम्ही विळे त्याच आगीत फिरवून साफ केले.

पुढच्या आठवड्यात म्हैस विकली गेली. तिला घालायला चारा उरला नव्हता, आणि तिचं शेण रानात टाकता येणार नव्हतं. रब्बीत काकूनं काही पेरलं नाही. त्या काळात ती आमच्या घरी आली नाही. संक्रांतीला आईनं तिच्याकडं तीळगूळ पाठवला, तो तिनं घेतला.

पाडव्याला बैठक बसली नाही, ठरल्याप्रमाणे. वडलांनी सकाळी धुऱ्यापलीकडं नांगर लावला. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं काकूला निरोप दिला की निम्मं दारात येईल. तिनं बरं म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात सेलूहून मुलगी येऊन तिला चार दिवस घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी परत आणून सोडलं.

जूनमध्ये वडलांनी त्या दोन एकरांत ज्वारी पेरली. वहीतली ती ओळ त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली होती. पाऊस वेळेवर झाला. बी जमिनीत होतं, त्यामुळे उगवणीनंतर ज्वारीच्या तासांत काही पिवळे कोंब दिसले. त्यांना चढायला काही मिळालं नाही आणि ते आठवड्याच्या आत वाळले. धुऱ्यावरचं तण वडलांनी त्या वर्षी जाळायला लावलं.

खुरपणीला सात बाया रोजानं लावल्या होत्या. सालगड्यानं त्यांना एकेक तास वाटून दिलं. धुऱ्याकडून तिसरं तास काकूकडं होतं. ते तिनं दुपारच्या भाकरीआधी संपवलं.